सोलापूरचा जी

पदार्थविज्ञानाची व्याख्याती म्हणून मी सोलापूरच्या एका कॉलेजात लागले तेव्हा सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. माझं घर मंगळवेढ्याकडचं, शेतकऱ्याचं. आमच्याकडे ज्वारी उत्तम पिकायची आणि मुली मॅट्रिकच्या पुढे जात नसत. मी कशी गेले ती वेगळी गोष्ट आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक लंबक होता. पितळेची लांब दांडी, तिच्या दोन्ही टोकांकडे सुरीच्या पात्यासारख्या पोलादाच्या दोन धारा, आणि मध्ये सरकवता येणारी वजनं. एका धारेवर टांगून हेलकावे मोजायचे, मग उलटा करून दुसऱ्या धारेवर टांगायचा. दोन्हीकडून हेलकाव्याला सारखाच वेळ लागेपर्यंत वजनं सरकवत राहायचं. तो वेळ आणि दोन धारांमधलं अंतर हाती आलं की ‘जी’ काढता येतो. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, ते सांगणारा आकडा म्हणजे जी.

पुस्तकात जी ९८१ दिलेला होता, सेंटीमीटरमध्ये. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेतही तो ९८१च यायचा. वर्षानुवर्षं, प्रत्येक मुलाचा. हे कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुलं आधी उत्तर लिहायची आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं भरायची. मी पहिल्या वर्षी दोनतीनदा रागावले. आमचे विभागप्रमुख म्हणाले, “मॅडम, सोडा हो. त्यांना पास व्हायचंय.”

माझ्या तिसऱ्या वर्षाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात एक मुलगी होती. शहराच्या पूर्वभागातली, विणकर घरातली. घरात तेलुगू बोलायचे. तिच्या वडिलांचे चादरीचे चार माग घरालाच लागून होते आणि ती त्या खडखडाटातच अभ्यास करून आलेली. त्यामुळे तिचा आवाज वर्गात जरा मोठाच असायचा. हुशार होती, पण चमकणारी नव्हती. एक गोष्ट मात्र तिला जमत नसे, न दिसलेलं लिहिणं. प्रयोगात चुकलेला आकडा आला तरी ती तोच लिहायची आणि खाली चूक का आली असेल त्याचा एक परिच्छेद. तिला पुढे एम.एस्सी.ला कोल्हापूरला जायचं होतं. त्यासाठी पहिला वर्ग लागणार होता.

एप्रिलमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. पन्नाशीचे, पांढरा सदरा, शांत बोलणारे गृहस्थ. चिठ्ठी उचलली तेव्हा तिच्या वाट्याला तोच लंबक आला. तीन तासांनी तिने उत्तर लिहिलं, ९७८ आणि वर काहीतरी. तोच प्रयोग आणखी दोघांना आला होता. त्यांचं उत्तर अर्थात ९८१.

परीक्षकांनी तिचा पेपर माझ्यापुढे सरकवला. “हे तीनने कमी आहे.”

मी म्हणाले, “सर, ९८१ हा तिकडचा, लंडनकडचा आकडा आहे. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, शिवाय पठारावर. अक्षांशाच्या सूत्राने सोलापूरचा जी ९७८च्या आसपासच यायला हवा.”

“यायला हवा, हे मला मान्य आहे,” ते म्हणाले. “पण आला कशावरून? हे स्टॉपवॉच तुम्ही शेवटचं कधी तपासलं?”

मी स्टॉपवॉच हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

“आणि ही लाकडी मीटरपट्टी? ही मीटरभरच आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“पट्टीवर लिहिलंय,” मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला कळलं की हे उत्तर नव्हे.

“हजारात तीनचा फरक दाखवायचा असेल तर हजारात एकाची तरी खात्री हवी. ती या मुलीला नाही. तुम्हालाही नाही. योगायोगाला मी गुण देऊ शकत नाही.” त्यांनी शांतपणे गुण कापले.

मला फार राग आला, पण त्यांचं म्हणणं खोडता येईना. ज्या दोघांनी ९८१ लिहिलं त्यांना त्यांनी स्टॉपवॉचबद्दल काहीच विचारलं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना सुचलं. तोवर ते आपल्या गावी पोचले होते.

निकालासाठी जूनपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. तिचा वर्ग प्रॅक्टिकलवर अवलंबून होता आणि तिने मनाशी हिशेब केला होता. सुट्टी लागल्यावर ती माझ्या खोलीवर आली. मी एका शिक्षकांच्या घरी पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होते. मला वाटलं रडेल, फेरतपासणीचं विचारेल. ती पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “मॅडम, माझं उत्तर चुकलं होतं का?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

“मग बघूया की.”

“त्याने गुण वाढणार नाहीत.”

“ते कळलंय मला. पण बरोबर होतं का चूक, ते तर कळंल.”

विभागप्रमुखांकडून मी प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. त्यांनी ती दिली, पंखा बंद करायला विसरू नका म्हणाले.

आम्ही घड्याळापासून सुरुवात केली. परीक्षेत तिने वापरलेलं स्टॉपवॉच सापडणं सोपं होतं, त्याच्या काचेचा कोपरा उडालेला होता. ते तपासायचं कशावर? ती लगेच म्हणाली, “भोंग्यावर.” सोलापूर तेव्हा गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की बायका चूल पेटवायच्या, मुलं शाळेला निघायची, घरातली घड्याळं पुढेमागे केली जायची. तिच्या दृष्टीने भोंगा म्हणजे वेळच होती. आम्ही घरमालकांचा रेडिओ लावून बसलो. बातम्यांच्या आधी टूं-टूं असे ठोके येतात, त्यातल्या शेवटच्या ठोक्याशी भोंगा ताडून पाहिला. पहिल्या दिवशी तो मिनिटभर आधी झाला, दुसऱ्या दिवशी जवळजवळ तेवढाच उशिरा. तिला धक्काच बसला. “म्हणजे आमचं सगळं घर चुकीच्या टायमावर उठतंय.”

“घरापुरतं चालतं ते,” मी म्हणाले. “आपल्याला चालत नाही.”

मग रेडिओच धरला. एका बातमीपत्राच्या ठोक्याला स्टॉपवॉच सुरू करायचं, पुढच्या बातमीपत्राच्या ठोक्याला बंद करायचं. दोन्ही वेळा अंगठा तिचाच, म्हणजे अंगठ्याची जी काही चूक होईल ती दोन्हीकडे सारखी. असं कितीतरी वेळा केलं. घरमालकीणबाई एरवी त्या वेळी गाणी ऐकायच्या, त्यांनी चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, “अहो, घड्याळजीला का देत नाही ते?” स्टॉपवॉच तासाला चार सेकंद मागे पडत होतं. रोज तेवढंच. हे बरं होतं. जे घड्याळ रोज सारखंच चुकतं त्याची चूक दुरुस्त करता येते.

ठोके यायच्या आधी बसून राहावं लागे, तेव्हा ती प्रश्न विचारायची. रेडिओचं घड्याळ कशावर लावतात? मी सांगितलं, दिल्लीच्या घड्याळावर. आणि दिल्लीचं? मग मला मूळ सांगावं लागलं. पूर्वी सेकंद म्हणजे दिवसाचा एक ठरावीक भाग होता. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरवलेला. पण पृथ्वी अगदी एका चालीने फिरत नाही, थोडी रेंगाळते, असं निघालं. म्हणून थोड्याच वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी सेकंद पृथ्वीकडून काढून घेतला आणि सीझियम नावाच्या धातूच्या अणूला दिला. त्याची ठरावीक इतकी कंपनं झाली की एक सेकंद.

“पृथ्वीच चुकते व्हय!” ती म्हणाली आणि कितीतरी वेळ हसत राहिली.

मग पट्टी. मीटरची खात्री करायला सोलापुरात एकच जागा होती, वजन-मापे खात्याचं कार्यालय. आम्ही दोघी सकाळी पट्टी घेऊन गेलो. तिथले निरीक्षक म्हणाले की व्यापाऱ्याची मापं तपासणं हे त्यांचं काम आहे, कॉलेजची पट्टी तपासायचा नियम नाही आणि शिक्का तर मुळीच मारता येणार नाही. मी म्हणाले शिक्का नको, नुसती शेजारी ठेवून बघायची आहे. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, हातातल्या फडक्यात गुंडाळलेल्या पट्टीकडे पाहिलं आणि शनिवारी अर्ध्या दिवसानंतर या म्हणाले.

त्यांनी कुलूपबंद कपाटातून एक लांबट पेटी काढली. आत मखमलीवर मीटरचा पितळी दांडा होता. त्याला हाताने शिवायचं नाही, हाताची ऊब लागते. त्यावर बारीक अक्षरांत तापमान कोरलेलं होतं, वीस अंश सेल्सिअस. म्हणजे हा दांडा वीस अंशांना बरोबर एक मीटर, त्याहून गरम झाला की थोडा लांब.

ती म्हणाली, “पण साहेब, हितं तर आत्ता चाळीस असंल.”

“खोलीत अडतीस,” निरीक्षक भिंतीवरचा थर्मामीटर बघत म्हणाले. “वीस अंश पाहिजे तर मे महिन्यात फ्रिजमध्ये बसावं लागेल. आणि खात्यानं आम्हाला फ्रिज दिलेला नाही.” त्यांच्याकडे त्यासाठी एक तक्ता होता. पितळ किती अंशांना किती वाढतं, तेवढं मिळवायचं.

आम्ही आमची पट्टी दांड्याशेजारी लावली. भिंगातून बघायची पाळी माझी होती. शून्यावर शून्य नीट बसवलं आणि दुसऱ्या टोकाला गेले. आमचा मीटर त्यांच्या मीटरच्या पुढे गेला होता. पितळेच्या वाढीचा हिशेब धरूनसुद्धा जवळजवळ दोन मिलिमीटर. मी भिंग तिच्याकडे दिलं. तिने बघितलं, परत शून्याकडे जाऊन बघितलं, पुन्हा आली.

“आपली पट्टी लांब हाय, मॅडम.”

कॉलेज सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या मुलांनी त्या पट्टीने लांब्या मोजल्या होत्या. आणि सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं होतं.

निरीक्षकांना आता गंमत वाटू लागली होती. त्यांनी चहा मागवला. त्यांच्या दांड्याची खात्री कशी करतात असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले की तो दर काही वर्षांनी वरच्या प्रयोगशाळेतल्या दांड्याशी ताडतात, तो त्याच्याही वरच्याशी, असं करत करत दिल्लीपर्यंत. त्यापुढचं मी सांगितलं. पूर्वी पॅरिसजवळ तळघरात एक दांडा होता, त्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे मीटर. आता तो दांडा नुसता जपून ठेवला आहे. क्रिप्टॉन वायूच्या दिव्यातून जो नारिंगी प्रकाश निघतो त्याच्या लहरी मोजून मीटर ठरवतात. कारण दांडा जळेल, वाकेल, चोरीला जाईल, पण क्रिप्टॉन सगळीकडे सारखाच. निरीक्षक हे कुठेतरी वाचून होते, पण कुणाशी बोलायची संधी त्यांना मिळाली नव्हती. जाताना ते तिला म्हणाले, “आमच्या खात्यात निरीक्षकांच्या जागा निघतात. बी.एस्सी. लागतं. बघा.” तिने मान हलवली. मला वाटलं सौजन्यानेच.

घरी आल्यावर गणित केलं. घड्याळ मागे पडत होतं, म्हणजे हेलकाव्याचा वेळ खऱ्यापेक्षा कमी मोजला जात होता आणि त्याने जी फुगत होता. पट्टी लांब होती, म्हणजे अंतर खऱ्यापेक्षा कमी भरत होतं आणि त्याने जी घटत होता. दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध आणि जवळजवळ सारख्या मापाच्या. एकीने जे वाढवलं ते दुसरीने खाऊन टाकलं होतं. परीक्षेतलं तिचं उत्तर बरोबर होतं, पण त्यात तिचा किंवा उपकरणांचा काही गुण नव्हता. परीक्षक बोलले तो ‘योगायोग’ हा शब्द अगदी तंतोतंत लागू पडत होता.

तिने सगळं गणित पुन्हा एकदा करून पाहिलं. मी म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नकोस.”

“वाईट नाही वाटत. पण आता खरं काय ते काढूया. आता दोन्ही चुका ठाऊक आहेत की.”

पुढचे काही आठवडे आम्ही पहाटे उजाडल्यावर प्रयोगशाळेत जायचो. नंतर ऊन चढलं की दांडी तापायची, आणि रस्त्यावरून ट्रक गेले की भिंतीतली लंबकाची खुंटीसुद्धा थरथरायची. हेलकावे अगदी लहान ठेवायचे. एकीने डोळा लावायचा, दुसरीने लिहायचं, मग अदलाबदल. दोघींची निरीक्षणं एकमेकींना दाखवायची नाहीत असं तिनेच ठरवलं, नाहीतर आपण एकमेकींकडे बघून लिहू म्हणाली.

एके दिवशी तिचे वडील आले. परीक्षा संपली तरी मुलगी रोज पहाटे कॉलेजात कशाला जाते, ते बघायला. दारात चपला काढून आत आले. मी स्टूल दिलं. ते बसले आणि लंबकाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “ह्याचं फुडं काय होतं?”

“काही होत नाही,” ती म्हणाली. “आकडा कळतो.”

“कशाचा?”

“सोलापूरचा. हितं वस्तू किती जोरात खाली येते त्याचा.”

त्यांनी यावर विचार केला. “आनि पुन्यात?”

“पुण्यात थोडा वेगळा असणार.”

“हां,” ते म्हणाले, जणू पुण्याबद्दल त्यांचा पहिल्यापासून हाच अंदाज होता. मग त्यांनी चहा कुठे मिळतो ते विचारलं आणि तिघांसाठी घेऊन आले.

शेवटी आकडा आला. ९७८ आणि अर्ध्याच्या थोडा आत. चूक धरली तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. अक्षांशाच्या आणि उंचीच्या सूत्राने जे येतं ते त्या पट्ट्यात बसत होतं. ९८१ कितीही ओढलं तरी बसत नव्हतं. आम्ही दोघींनी गुळाची पोळी खाल्ली. माझ्या आईने गावाहून पाठवलेली होती, जरा कडक झालेली.

निकालात तिला दुसरा वर्ग मिळाला. कोल्हापूर राहिलं. प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची एक तात्पुरती जागा होती, ती विभागप्रमुखांनी तिला दिली. पुढच्या एप्रिलला परीक्षक म्हणून तेच गृहस्थ आले. मी आमचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी जेवणाची सुट्टी त्यातच घालवली. हेलकावा किती अंशांचा होता, हवेचं काय केलंत, धारा झिजलेल्या आहेत का, एकेक विचारत गेले. उत्तरं तीच देत होती. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“चांगलं काम आहे. गेल्या वर्षी ज्या मुलीचे मी गुण कापले, तिला हे दाखवलंत का?”

“ती मीच, सर,” ती म्हणाली.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मला वाटलं, आता माफी मागतील. ते म्हणाले, “कापले ते बरोबरच होतं. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं.”

“व्हय सर. पण ज्यांनी ९८१ लिहिलं, त्यांना कुटं माहीत होतं?”

“नाही,” ते म्हणाले. “त्यांना मी विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं.” त्या दुपारी त्यांनी प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारला. तुझं उत्तर किती चुकलेलं असू शकेल? कुणालाच सांगता आलं नाही. त्या वर्षी प्रॅक्टिकलचे गुण सगळ्यांचेच घसरले आणि मुलांनी आम्हा दोघींना पुष्कळ नावं ठेवली.

कोल्हापूरला ती कधीच गेली नाही. वजन-मापे खात्याची जाहिरात आली तेव्हा तिने अर्ज केला. तिचे वडील आधी ऐकेनात. बाईमाणसाने बाजारात जाऊन लोकांच्या तागड्या तपासायच्या म्हणजे काय! पण सुताच्या गठ्ठ्याचं वजन कमी भरतं असा त्यांचा फार दिवसांचा संशय होता, आणि घरात कुणी त्या खात्यात असलं तर बरं, असंही त्यांना हळूहळू वाटू लागलं. ती लागली. टेंभुर्णीपासून अक्कलकोटपर्यंतचे आठवडी बाजार तिने पालथे घातले. अक्कलकोटकडे लागेल म्हणून कानडी शिकली. सुरुवातीला दुकानदार तिच्यामागे साहेब कुठे आहेत ते शोधायचे.

लग्नानंतरही तिने नोकरी सोडली नाही. दिवाळीला यायची तेव्हा कामाच्या गोष्टी सांगायची. त्यातली एक मला फार आवडते. खात्याची प्रमाण वजनं अधूनमधून वरच्या प्रयोगशाळेत ताडून आणावी लागत. तिथली पुन्हा त्याच्या वरच्याशी, असं करत पार पॅरिसपर्यंत. कारण किलोला तेव्हा प्रकाश किंवा अणू काही सापडला नव्हता. तिकडे एका धातूच्या ठोकळ्याचं जे वजन तोच किलो, असं होतं, आणि आत्ता आत्तापर्यंत तसंच चाललं. तर ती वजनांची पेटी घेऊन पुण्याच्या गाडीत बसली. धक्का लागू नये म्हणून पेटी मांडीवर धरलेली. केम स्टेशनवर एक म्हातारी चढली, समोर बसली आणि पेटीकडे बघत राहिली. एवढं जपून धरलंय म्हटल्यावर तिला राहवेना.

“लेकी, सोनं हाय का ग त्यात?”

“नाही आजी. किलो आहे.”

“किलो? कशाचा?”

“कशाचाच नाही,” ती म्हणाली. “नुसता किलो.”

म्हातारीने जरा विचार केला, मग आपलं गाठोडं सरकवून तिला पेटी टेकवायला जागा करून दिली.